बाटलीची पाठ

भांडी घासायचं लिक्विड असो, कपड्यांची पावडर असो की फरशी पुसायचं द्रावण, विकत घेताना मी आता आधी बाटलीची नाहीतर पुड्याची पाठ वाचते. दर्शनी बाजूला हिरवं पान असतं, त्यावर दवाचा थेंब आणि खाली ‘निसर्गस्नेही’ असा एखादा शब्द. मागे बारीक अक्षरांत घटक. या दोन बाजू इतकी वर्षं ताडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. दिशाभूल करणारा हिरवा दावा सहसा धडधडीत खोटा नसतो. तो खरा असतो, पण अर्धा. त्यामुळे ‘हे खरं आहे का?’ असं विचारून तो सापडत नाही. ‘हे नेमकं कशाबद्दल खरं आहे?’ असं विचारावं लागतं.

‘जैवविघटनशील’ हाच शब्द घ्या. आपल्याकडच्या साध्या पावडरींत सर्रास असणारं लिनिअर अल्किलबेन्झिन सल्फोनेट खनिज तेलापासून बनतं, तरीही ते जैवविघटनशील आहे. नद्यांवर फेसाचे थर साचू लागल्यावर, १९६०च्या दशकात न विघटणाऱ्या जुन्या रसायनाऐवजी तेच तर आलं. म्हणजे ज्या गुणाचा डांगोरा पिटला जातो, तो बिनहिरव्या स्वस्त पुड्यातही असतो. शिवाय ‘सहज विघटनशील’ ठरवायच्या प्रमाणित चाचण्यांत साधारण २८ दिवसांत ६० ते ७० टक्के विघटन पाहतात, तेही प्राणवायू असलेल्या पाण्यात. प्राणवायू संपलेल्या काळ्या नाल्यात हेच रसायन फारसं विघटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि प्रक्रिया होत होती जेमतेम २० हजारांवर. दावा प्रयोगशाळेत खरा ठरतो; आपलं पाणी मात्र मोरीतून नाल्यात जातं.

‘वनस्पतीजन्य’चंही तसंच. फेस आणणारं सोडियम लॉरेथ सल्फेट नारळ किंवा पाम तेलापासून निघतं खरं, पण ते घडवताना लागणारा इथिलीन ऑक्साइड सहसा खनिज तेलातून येतो. आणि पामच्या मळ्यांसाठी जंगलं तोडली गेली, हेही लपलेलं नाही. फरशीच्या द्रावणावर कडुनिंबाची डहाळी दिसते, पण जंतू मारायचं काम अनेकदा पाठीवर लिहिलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड करत असतं. ‘पुनर्वापरयोग्य’ ही तर बाटलीची स्तुती. आतल्या द्रवाबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

यावर कुणी म्हणेल, अर्धं का होईना, चांगलं आहे ना? उगाच कीस काढलात तर प्रामाणिक उत्पादकही नाउमेद होईल. यात तथ्य आहे, म्हणून सगळे दावे मी एका मापाने मोजत नाही. कपड्यांच्या पावडरीवरचं ‘फॉस्फेटविरहित’ मोलाचं आहे, कारण फॉस्फेट तळ्यात शेवाळ माजवतं आणि ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. पण तेच शब्द, मुळात फॉस्फेट सहसा नसतंच अशा भांड्यांच्या लिक्विडवर आले, की मिठाच्या पुड्यावर ‘साखर नाही’ लिहिल्यासारखं होतं. नेमका दावा आणि पोकळ दावा एकाच भावाने खपू लागले, तर नुकसान प्रामाणिक उत्पादकाचंच.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: घरच्या कामात बुडालेल्या माणसाने रसायनशास्त्र का शिकावं? शिकू नये, आणि कायदाही आता तेच म्हणतो. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ असे शब्द पुराव्याविना आणि स्पष्टीकरणाविना वापरता येत नाहीत. दावा वस्तूबद्दल आहे, वेष्टनाबद्दल की उत्पादनप्रक्रियेबद्दल, तेही सांगावं लागतं. सरकारचं ‘इकोमार्क’ हे मातीच्या घटाचं चिन्ह तर १९९१पासून आहे. ते आपल्या किती बाटल्यांवर दिसतं, हे ज्याने त्याने मोरीपाशी पाहावं. पुराव्याचं ओझं विकणाऱ्यावर आहे. आपण एवढंच पाहायचं: कशाबद्दल, किती, आणि कुणी तपासलं?

राहिला घरगुती उपायांचा मार्ग. रिठा मलाही आवडतो. पण त्याचा फेस ज्या सॅपोनिनमुळे येतो, ते माशांना घातक असतं, आणि व्हिनेगर-सोड्याच्या मिश्रणाची ताकद फसफसण्यातच बरीचशी संपते, कारण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. रिठ्याला पाठही नसते, की त्यावर काही छापलेलं असावं. तिथे तर तेच तीन प्रश्न आपले आपल्यालाच विचारावे लागतात.