मरुभूमीतील चौविहार

आमच्या घराण्याने मारवाड सोडल्याला चार पिढ्या झाल्या. गडचांदूरच्या चहूबाजूंनी चुनखडीच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि त्यांच्या पलीकडे सागाचे जंगल. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, धान्याच्या कोठ्यांना बुरशीपासून जपावे लागते. तरीही अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा आमच्या ताटात गट्टे, पापड, मंगोडी आणि केर-सांगरीच येते. पाऊस न पडणाऱ्या मुलखाचे हे अन्न इतक्या ओल्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या शिजत राहिले. आमची आठ वर्षांची थोरली एकदा विचारती झाली, ‘‘दादी, केर आपल्या जंगलात का उगवत नाही?’’ सासूबाईंचे लग्न होऊन त्या थेट विदर्भात आलेल्या. त्यांनाही ते झाड नीटसे आठवेना. त्या प्रश्नातूनच गेल्या नाताळच्या सुट्टीतला आमचा मरुभूमीचा प्रवास निघाला.

परदेशात अशा प्रवासासाठी मोटारघरे मिळतात. स्वयंपाक, निजणे, न्हाणे सारे त्यातच, आणि कुटुंबे लहान मुलांसह वाळवंटी उद्यानांतून आठवडेच्या आठवडे हिंडतात. आम्ही नागपूरहून भाड्याने घेतलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरची मागची दोन आसने काढवली आणि तेथे गादी, पाण्याचे पिंप, गॅसची लहान शेगडी व डब्यांची पेटी बसवली. चालत्या गाडीत शेगडी पेटवायची नाही, हा यजमानांचा कडक नियम. सहा मोठी माणसे, आठ वर्षांची थोरली, तीन वर्षांचा धाकटा आणि सुमारे दीड हजार किलोमीटरची वाट. भद्रावतीला पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन निघालो.

लहान मुलांसह जैन कुटुंबाने प्रवासाला निघणे म्हणजे सूर्याशी करार करणे होय. या कराराचा मसुदा आम्ही घरच्या पंचांगावरून आखला होता, पण पश्चिमेकडे जाता जाता तो हळूहळू बदलत गेला. डिसेंबरअखेरीस गडचांदूरला पावणेसातच्या सुमारास उगवणारा सूर्य जैसलमेरला साडेसातच्या सुमारास वर येतो. त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारसी, म्हणजे सव्वाआठ उलटून जातात. संध्याकाळी मात्र सवलत वीसेक मिनिटांचीच. थंडीत गाडीच्या काचेवर दव धरलेले, मुले पहाटेपासून जागी, आणि मोठी माणसे घड्याळाकडे पाहत बसलेली! धाकट्याला अर्थात कोणताच नियम नव्हता. पहिल्याच रात्री तो रडू लागला तेव्हा मी दुधाची बाटली हाती घेऊन सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, ‘‘पाजा त्याला. लेकराच्या भुकेला पच्चक्खाण नसते.’’ थोरलीने मात्र आपणहून चौविहार धरला होता. तो मोडावा असे मला दोनदा वाटले, पण तिला नाही.

जोधपूर सोडल्यावर फलोदीजवळचे खीचन गाव लागते. या एका गावासाठी सारा प्रवास करावा, असे माझे मत आहे. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे करकोचे, तेथील भाषेत कुरजां, सप्टेंबरपासून मार्चपर्यंत येथे मुक्कामाला असतात. गावातील जैन कुटुंबांनी त्यांना दाणे घालण्याची प्रथा वाढवली. गावाच्या कडेला त्यासाठी कुंपण घातलेले चुग्गाघर आहे. व्यापारासाठी देशभर पांगलेली येथील घराणी धान्यासाठी पैसे पाठवत राहिली. सकाळी आम्ही एका घराच्या गच्चीवर उभे राहिलो. आधी केवळ आवाज आला, मग आकाशात रेघा उमटल्या, आणि पाहता पाहता हजारो राखाडी पक्षी उतरले. एक पंगत उठेपर्यंत दुसरी बाहेर वाट पाहत होती. थोरली हळूच म्हणाली, ‘‘यांचीही नवकारसी झाली वाटते!’’

यजमानांना मात्र व्यापाऱ्याचा प्रश्न पडला. वन्य पक्ष्यांना माणसाच्या दाण्यावर अवलंबून ठेवावे का? एके ठिकाणी इतके पक्षी जमले की रोगाचे भय वाढते, आणि गावाभोवतीच्या विजेच्या तारांवर आपटून कुरजां मरतात, हेही खरे आहे. माझ्या मते दाणा देणाऱ्यानेच तारांचाही विचार करावा. जीवदया पोत्याच्या तोंडाशी संपत नाही. सासूबाईंनी आमचा वाद ऐकला आणि काही न बोलता पदराच्या गाठीतल्या नोटा दाण्यांसाठी दिल्या.

जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनमंदिरे, जिनभद्रसूरी ज्ञानभांडारातील ताडपत्रे, पटव्यांच्या हवेल्या यांवर या मासिकात पूर्वी पुष्कळ लिहून आले असेल, म्हणून येथे थांबत नाही. लोद्रव्याला पार्श्वनाथांच्या मंदिरातील दगडी जाळी पाहून धाकट्याने तिच्या छिद्रांत बोटे घालण्याचा उद्योग आरंभला आणि तो तासभर शांत राहिला, एवढे नमूद करते.

डेझर्ट नॅशनल पार्कचा विस्तार 3,162 चौरस किलोमीटर आहे. त्याचा बराचसा भाग वाळूच्या टेकड्यांचा नसून गवताचा आणि खडकाळ माळाचा आहे, याचे मुलांना नवल वाटले. तेथे गोडावण राहतो, म्हणजे आपला माळढोक. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याच्या शेतशिवारात हा पक्षी दिसत असे. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून एकेक पक्षी मोलाचा. त्यालाही विजेच्या तारांचाच धोका, आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आम्हाला चिंकारा दिसले, गोडावण दिसला नाही. पण खरी केराची झुडपे दिसली. पानांचा मागमूस नसलेल्या त्या हिरव्या काटक्यांना हात लावून सासूबाई बराच वेळ उभ्या राहिल्या.

समच्या टेकड्यांवर सूर्यास्त पाहायला गर्दी लोटते. जेवणे, नाचगाणी सारे त्यानंतर सुरू होते. आम्ही गाडी अलीकडेच थांबवली, पाच वाजता शेगडी पेटवली, आणि बाजरीच्या भाकरी व सांगरी खाऊन सूर्य बुडण्यापूर्वी पाणी पिऊन घेतले. दुरून ढोल ऐकू येत होता. उंटावर बसायचे राहिले म्हणून थोरलीचे डोळे भरून आले. चुलत नणंद तिला समजावू लागली तेव्हा मी तिला थांबवले. व्रत धरले म्हणजे हळहळ वाटूच नये, असे कोणी सांगितले? दुसऱ्या दिवशी सकाळी नवकारसीनंतर रिकाम्या टेकडीवर ती उंटावर बसलीच.

परतीच्या वाटेवर बाडमेर रस्त्यावरील आकल येथे दगड झालेली झाडे पाहिली. जुरासिक काळातील ते ओंडके उन्हात पडलेले. मुले ती लाकडे नव्हेत हे मानायला तयार होईनात. असेच जीवाश्म आपल्या गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातील वडधम येथेही आहेत, हे यजमानांनी सांगताच थोरलीने तेथे कधी जायचे ते विचारले. दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरले आहे. सासूबाईंनी वाटेत भोजनशाळा कुठे लागते याची चौकशी केली, आणि नेमके काही कळेना तेव्हा डब्यांची पेटी माळ्यावर न टाकता स्वयंपाकघरातच ठेवायला सांगितली.