परतीचा दम

मैदानावरचा सगळ्यात आधी कळलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी ‘दम’ सांगेन. चढाई, पकड, लोण हे शब्द मागून आले. आमच्या गावात कबड्डीला मोठी माणसं हुतूतूच म्हणायची आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानातून एकच ओरडा घराघरात पोचायचा, ‘दम गेला, दम गेला!’

नियम सोपा होता. मध्यरेषा ओलांडण्याआधी तोंडाने घोष सुरू करायचा आणि स्वतःच्या अंगणात पाय पडेपर्यंत तो एका श्वासात चालू ठेवायचा. मध्येच तुटला की गडी बाद. श्वास कोंडून धरला तर आवाज निघत नाही आणि आवाज काढला तर श्वास खर्च होतो. प्राणायाम शिकवणारे ज्याला रेचक म्हणतात, तोच इथे पळता पळता, चुकवता चुकवता, चौघांच्या नजरेसमोर करायचा. काही पोरं हळूच श्वास चोरायची. पंचगिरी करणारे मास्तर मग कानामागे हात धरून त्यांच्या मागेमागे फिरायचे.

हेच मास्तर एक गोष्ट वारंवार बजावत. ‘आत जायला कुणालाही दम असतो रे. परत यायला किती उरलाय ते बोल.’ त्या खेळाचं सगळं मर्म यातच आहे. चढाई करणाऱ्याला चौघांनी धरून पाडलं, तरी दम शाबूत असताना त्याची बोटं मध्यरेषेला लागली की धरणारे चौघेही बाद. म्हणजे समोरच्या अंगणातल्या निदान रेषेपर्यंत मारलेल्या मुसंडीपेक्षा शेवटच्या वीतभर अंतरासाठी राखलेला श्वास मोलाचा. तो ज्याच्याकडे उरायचा त्याच्याबद्दल लोक म्हणत, ‘गडी दमाचा आहे.’

पुढे तालमीत गेलो. तिथे अंगाने दणकट पैलवान पहिल्या काही मिनिटांत सगळी ताकद ओतायचे आणि मग त्यांचे खांदे पडायचे. सडसडीत जोडीदार नुसती खडाखडी करत वाट बघायचा. वस्ताद कट्ट्यावरून ‘दमानं, दमानं’ म्हणायचे ते या सडसडीत पोराला नव्हे, त्या दणकटालाच.

नोकरीच्या वर्षांत मैदान सुटलं आणि दम वेगळ्याच रूपात भेटू लागला. वरिष्ठ दम द्यायचे, दम मारायला फुरसत नसायची आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगायचं, ‘जरा दम खा.’ त्याच काळात आमच्या घरच्या अण्णांना दम्याने गाठलं. जिन्याच्या वळणावर ते थांबत आणि थांबलोय हे कळू नये म्हणून तिथल्या नोटिसा वाचत बसत. सोसायटीच्या पाणीपट्टीची इतकी बारकाईने चौकशी करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यांना श्वास घेता येत नाही, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी समजावलं की दम्यात श्वासनलिका आकसतात आणि खरी पंचाईत होते ती श्वास बाहेर सोडताना. जुनी हवा आत अडकून राहते, मग नवीला जागा कुठून मिळणार? पंपाचं औषध त्या आकसलेल्या नळ्या सैल करतं.

तेव्हापासून दमाबद्दल मिळेल ते वाचू लागलो. दम कोंडल्यावर जी तगमग होते ती प्राणवायू संपल्यामुळे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागतो आणि मेंदू त्यावरून श्वासाचा हुकूम सोडतो. दुसरं म्हणजे निरोगी माणसाचा दम कमी पडतो तो बहुधा छाती लहान म्हणून नव्हे. नियमित धावण्या-चालण्याने फुप्फुसं फारशी मोठी होत नाहीत. बदलतं ते हृदय, जे एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं. बदलतात ते पायांचे स्नायू, ज्यांच्यात बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि प्राणवायू वापरायची ताकद येते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1920च्या दशकात धावणाऱ्यांवर प्रयोग करून, शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याची मर्यादा मोजायला सुरुवात केली. आज मनगटावरचं घड्याळ ‘व्हीओटू मॅक्स’ म्हणून जो आकडा दाखवतं, तो याच मर्यादेचा अंदाज. तिशीनंतर तो दर दहा वर्षांनी साधारण 10 टक्क्यांनी उतरतो, मात्र व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही उतरण बरीच मंद असते.

कबड्डीही दरम्यान बदलली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात ती होती. 1990ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तिला पदकांच्या खेळात जागा मिळाली आणि 2014पासून प्रो कबड्डीने तिला टीव्हीवर नेलं. आता चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे. घोष नियमात अजून आहे, पण टीव्हीवर बघणाऱ्याचं लक्ष घड्याळावर असतं. त्याने खेळ वेगवान आणि निःपक्षपाती झाला, यात वाद नाही. पण दम हा कानाने मोजायचा होता, हे मुलांना आता सांगावं लागतं.

कानाने मोजायची ती रीत मला पुन्हा सापडली वारीत. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाचा चढ लागतो. माझ्यासारखे शहरी, हौशी लोक झपझप पुढे जातात आणि अर्ध्या घाटात कठड्याला टेकतात. दिंडीतल्या सत्तरीच्या आज्या मात्र डोक्यावर तुळस घेऊन, अभंग म्हणत, एका लयीत वर येतात. त्यांनी कधी नाडी मोजली नसेल, पण गाणं तुटेल इतक्या वेगाने त्या चालतच नाहीत. व्यायामशास्त्रात याला बोलण्याची कसोटी म्हणतात. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, तो व्यायाम मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो जोराचा. दिंडी बहुतेक वाट या दोन्हींच्या खालीच राहते, म्हणून तर आळंदीहून पंढरपूर गाठते.

दमछाक होईपर्यंत पळालो तरच व्यायाम झाला, असं मानणारे हल्ली पुष्कळ आहेत. अशा जोराच्या व्यायामालाही जागा आहे, पण ज्याने वर्षानुवर्षं पाया घातलाय त्याच्यासाठी. बाकीच्यांनी उद्या सकाळी चालायला निघाल्यावर सोबत्याशी एक लांबलचक वाक्य बोलून बघावं. पुरं झालं तर वेग ठीक आहे, तुटलं तर कमी करा. रोजचाच जिना चढताना अलीकडे नोटिसा वाचाव्या लागत असतील, तर मात्र व्यायाम वाढवायच्या आधी डॉक्टरांकडे जा. दूरवर जाऊन आल्याची फुशारकी सगळेच मारतात. दम त्याचाच खरा, जो बोलत बोलत घरी परततो.