मूळ की कोंब?

दोस्तांनो, लहानपणी माझ्या हातून एक चूक झाली होती. ती आज तुम्हाला सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही.

मी तेव्हा सातवीत होते. बुलडाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याचं जंगल लागतं ना, त्याच बाजूला आजीचं शेत. बांधावर तिच्या सासऱ्यांनी लावलेला आंबा होता. मे महिन्यातल्या वादळात तो उन्मळून पडला. आजी दोन दिवस धड जेवली नाही. फांद्या तोडताना एकीवर लांब, जाड पानांचं रोप दिसलं. "बांडगूळ आहे, फेका!" कुणीतरी म्हणालं. पण बाबांनी ते फांदीच्या तुकड्यासकट बुलडाण्याला आणलं आणि अंगणातल्या पेरूच्या सावलीत टांगलं.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी ते ओळखलं. "अगं, हे ऑर्किड! मराठीत आमरी. याचं शास्त्रीय नाव वांडा टेसेलाटा. यातलं 'वांडा' संस्कृतातूनच गेलंय. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, हे नुसतं फांदीवर बसतं."

मग काय, रोज सकाळी मी त्याला पाणी शिंपडायची. चंदेरी मुळं भिजली की हिरवी व्हायची. आजी आली की पहिला प्रश्न, "त्याले फूल आलं का?"

पुढच्या एप्रिलमध्ये पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक डोकावलं. मला वाटलं, नवं मूळ! आठवड्याभरात ते बोटभर वाढलं, पण वर वर चाललेलं. मूळ असं कसं वर जाईल? मी ते फांदीकडे वाकवून सुतळीने बांधायला गेले आणि कट्कन मोडलं!

तुकडा बाईंना दाखवला. त्यांनी भिंग हातात दिलं. बारीक खवल्यांआड मोहरीएवढ्या कळ्या होत्या. मी मोडलं होतं ते मूळ नव्हतं, फुलांचा दांडा होता. मला रडूच फुटलं. आजीला सांगताना तर मान वर होईना. ती एवढंच म्हणाली, "तुटला तं तुटला. झाड तं जितं हाये न!"

मग मी नीट बघायला शिकले. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं आणि मूळ वाढलं की मागचा भाग चंदेरी होतो. दांड्याचं टोक जरा चपटं, एकावर एक खवले असलेलं. तो हिरवाच राहतो, त्यावर पेरं दिसतात आणि तो बहुधा उजेडाकडे, वर वळतो. तरी शंका वाटली, तर हात लावायचा नाही. आठ-दहा दिवस थांबायचं.

पुढच्या वर्षी पुन्हा टोक आलं. मी हात मागे बांधूनच बघायची! मृगाच्या तोंडावर फुलं उमलली. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि मधे जांभळी जीभ. आजीला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. तिने नाक जवळ नेलं, वास घेतला आणि म्हणाली, "हा तं आपल्या आंब्याखालचा वास!"

दोस्तांनो, जंगलातली आमरी मात्र कधी उपटून आणू नका. रोपवाटिकेतलं रोप आणा. आणि नवं टोक दिसलं, की आधी नुसतं बघत राहा.