शिळा घाम

१९७२ च्या दुष्काळात माण तालुक्यात आमच्या घरी अंघोळीला माणशी एक तांब्या पाणी. आई दिवसभर खडी फोडून यायची. त्या तांब्यात आधी तोंड, मग काखा, उरलं तर पाय. चोळ्या दोनच, एक अंगात, दुसरी उलटी करून, काखेची बाजू वर, उन्हात. मुकादमानं नाक मुरडलेलं तिला खपायचं नाही. म्हणायची, “ताज्या घामाला वास न्हाई रं, शिळ्याला असतो.” पुढं वाचलं, ते खरंच. कातडीवरचे जंतू घामावर वाढतात, तेव्हा वास सुटतो.

परवा सांगलीला लेकीकडं निघालो. यष्टीत शेजारी एक पोरगा फवारा मारून घमघमत बसलेला. सदरा मात्र कालचाच! खिडकी उघडली.