चढा गंधार

पेटीचा गंधार चढा असतो. पेटीवाल्यांच्या बैठकीत हे कुणी बोलून दाखवत नाही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. गवयांच्या बैठकीत बोलायची वेळच येत नाही. ते आपल्याकडे नुसतं वळून बघतात. जवारी नीट लागलेला तानपुरा घ्या, खर्जाची तार छेडा आणि जरा थांबा. त्या एका तारेतून आपसूक गंधार उमटतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. आता पेटीवर तोच गंधार धरा. तो तानपुऱ्यातल्या गंधाराच्या डोक्यावर बसतो. फरक साधारण 14 सेंटचा, म्हणजे एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. कागदावर किरकोळ वाटतो. तानपुरा चालू असला की मात्र तो झाकता येत नाही. धैवत आणि निषादही असेच वर ओढलेले असतात, कोमल गंधार खाली उतरलेला. पंचम मात्र जवळजवळ खरा.

हा बिघाड नव्हे, केलेला सौदा आहे. सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडले की कुठल्याही पट्टीला षड्ज करता येतो. काळी एकचा गवई उठला आणि पांढरी पाचची बाई बसली तरी पेटी तीच चालते. त्या सोयीची किंमत म्हणजे हे चौदा सेंट.

मी पेटी मिरजेत शिकलो, नंतर मुंबईच्या ऑर्केस्ट्रांमध्ये कीबोर्ड वाजवला आणि आता डोंबिवलीत घरातल्याच एका खोलीत रेकॉर्डिंगची कामं करतो. गाणं कसं बदललं असं कुणी विचारलं की लोकांना चाली, ठेके, कपडे यांबद्दल ऐकायचं असतं. मला सांगावंसं वाटतं ते या गंधाराबद्दल, कारण गेल्या दीडेकशे वर्षांत आपल्याकडे जी यंत्रं आली त्या सगळ्यांनी त्याला कुठे ना कुठे हात लावला आहे.

हार्मोनियम मूळची पॅरिसची. देबँ नावाच्या कारागिराने 1840 च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली तेव्हा पायाने भाता मारायचं टेबल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढले, भाता मागे नेला, आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसासमोर ती आणून ठेवली. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. पाश्चात्त्य वादक दोन्ही हातांनी जे स्वरमेळ वाजवतो ते या रचनेत जमणारच नव्हते, आणि आपल्याला ते नकोही होते. यंत्र त्यांचं, बसण्याची रीत आपली. त्या बसण्यानेच ठरवलं की या वाद्यावर एका वेळी एकच ओळ चालणार, म्हणजे गळ्यामागे जाणारी.

मराठी रंगभूमीने तिला का उचललं हे समजायला ध्वनिवर्धक नसलेलं थिएटर डोळ्यांसमोर आणावं लागतं. शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्यापर्यंत सूर पोचवायचा, रात्रभर पोचवायचा, आणि गावोगाव बैलगाडीतून नेताना वाद्य उतरता कामा नये. सारंगी गळ्याच्या जास्त जवळची, पण तिची सोबत कोठीशी जोडलेली. घरंदाज प्रेक्षकाला आणि नाटक मंडळीच्या मालकाला ते अडचणीचं होतं. पेटीला असा भूतकाळ नव्हता. ती परदेशी असल्यामुळेच सोवळी ठरली, ही मला नेहमी मजेची गोष्ट वाटते. 1911 च्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवाले. नाट्यपदांच्या त्या चपळ, दाणेदार ताना ऐकताना मला कित्येकदा पट्ट्यांवरून पळणारी बोटं दिसतात. हा माझा समज असेल, पण बऱ्याच पेटीवाल्यांचा तसा आहे.

मग मध्यमवर्गीय घरात गाणं आलं तेही पेटीवरूनच. मुलीला शिकवायला मास्तर यायचे, आणि सूर जुळवण्याची कटकट नसलेलं हे एकच वाद्य होतं. तानपुरा लावता यायला कान आधी तयार असावा लागतो. पेटीवर आधी पट्टी दाबायची आणि कान मागून तयार होतो. कसा होतो, हे त्या पट्टीवर अवलंबून.

पेटी दुरुस्त होताना जवळून बघावी. आम्ही पितळी पात्यांना 'सूर'च म्हणतो. सूर खोलून टेबलावर ठेवलेला असतो, खाली पातळ पत्र्याची पट्टी सरकवलेली, आणि कारागीर बारीक कानसीने घासतो. टोकाकडे घासलं तर पातं हलकं होतं आणि सूर चढतो. मुळाशी, रिव्हेटजवळ घासलं तर पातं लवचीक होतं आणि सूर उतरतो. दोन घासे, फुंकर, परत पेटीत बसवायचा, जोडीच्या सुराबरोबर वाजवायचा. दोन सुरांमध्ये अजून लाट येत असेल तर पुन्हा बाहेर. लाटा हळू होत होत थांबल्या की जुळलं. सगळं काम त्या लाटा मोजण्याचं.

मिरजेतल्या एका कारागिराकडे मी पहिल्यांदा गंधार ट्यूनिंग बघितलं. एखादी पट्टी कायमची षड्ज धरायची आणि बाकीचे सूर तानपुऱ्याला मिळवून घासायचे. ती पेटी त्या एका पट्टीत अशी गोड वाजते की वाजवणाऱ्याचा हात थांबतो. दुसरी पट्टी षड्ज धरली तर ऐकवत नाही. म्हणून अशी पेटी परवडते ती एकाच गवयाला बांधलेल्या वादकाला. दहा ठिकाणी हिंडणाऱ्याला नाही.

हा गुंता सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्नही आमच्याच भागातला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश, या दोघांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुती देणारी पेटी तयार करवली. श्रुती मोजण्याच्या त्यांच्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा होता. पेटी बनली, पंडितांसमोर मांडली गेली, वाद झाले, आणि ती मागे पडली. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनीही 22 श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. अशा पेट्यांबद्दल मला आदर आहे. पण लोकांनी बारा सुरांचीच घेतली, कारण ती स्वस्त होती, कुणालाही वाजवता येत होती आणि लग्नापासून भजनापर्यंत कुठेही चालत होती. लोकप्रिय संगीतात वाद्य निवडण्याची कारणं बहुधा एवढीच असतात.

सरकारने मात्र वेगळं ठरवलं. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटी हवेवरून हद्दपार केली. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने आधीच तिच्याविरुद्ध लिहिलं होतं. रवींद्रनाथ टागोरांनाही ती पसंत नव्हती. आरोप दोन: सूर ठोकळेबाज आहेत, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही. दोन्ही खरे. स्वातंत्र्य आलं, बंदी राहिली. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर पुण्याचे, त्यांच्या काळात तर आकाशवाणीवरून चित्रपटगीतंही जवळजवळ नाहीशी झाली आणि देश रेडिओ सिलोन लावून बसला. 1957 मध्ये विविध भारती काढून ती चूक सावरावी लागली. पेटीला 1971 पर्यंत थांबावं लागलं. तेव्हाही सवलत मिळाली ती अटींसह आणि साथीपुरती.

जुन्या पिढीतले पेटीवाले या बंदीबद्दल कडवटपणे बोलायचे. पोटाचा प्रश्न होता. पण तिचा एक परिणाम झाला जो बोलला जात नाही. पेटीवाल्याला आपल्या वाद्याची खोट कायमची कळली, आणि ती झाकण्याची कला वाढली. आप्पा जळगावकर किंवा तुळशीदास बोरकर यांची साथ ऐका. गवई गंधारावर येऊन थांबतो तेव्हा पेटी तिथे ठाण मांडत नाही. बोट रिषभावरून गंधाराला नुसतं शिवतं, भाता सैल पडतो, आणि पेटी षड्ज-पंचमाकडे सरकते. गंधार गवयाचा एकट्याचा उरतो. मला हेच सगळ्यात उशिरा जमलं. वेगात वाजवणं दोन-चार वर्षांत येतं. कुठे वाजवायचं नाही ते कळायला वय जावं लागतं.

त्याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 1955-56 मध्ये गीतरामायण प्रसारित झालं. पुढे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, तीच गाणी गावोगाव गायले ते स्वतः पेटी पुढ्यात घेऊन. आकाशवाणीने नाकारलेलं वाद्य त्या गाण्यांच्या मांडीला मांडी लावून बसलं, आणि ऐकणाऱ्या कुणालाही त्यात विसंगती वाटली नाही.

तोपर्यंत फिल्मी स्टुडिओत गंधाराचा निकाल वेगळ्या वाटेने लागलेला होता. व्हायोलिनचा ताफा, ट्रम्पेट, अॅकॉर्डियन, पियानो, आणि ते वाजवणारे बरेचसे गोव्याचे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही मंडळी चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेली. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, हे कागदावर उतरवून तिच्याभोवती स्वरमेळ बांधायचे. स्वरमेळ आले की बारा सारखे सूर आलेच. पण तेव्हाच्या गाण्यांत गळा मात्र त्या चौकटीत पुरता कोंडलेला नाही. तालमीत तयार झालेले गळे व्हायोलिनांच्या पुढे आपल्या जागी सूर लावायचे आणि मागचा ताफा निमूट उभा राहायचा. दोन गंधार एकाच तबकडीवर नांदले, ही त्या काळाची श्रीमंती.

यंत्र आणि लोक एकमेकांना कसे चकवतात याचा माझा आवडता दाखला 1954 च्या 'नागिन'चा. गारुड्याची म्हणून देशभर ओळखली गेलेली ती पुंगी, पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन नावाचं विजेचं वाद्य होतं, जोडीला रवींची पेटी. मग वरातीतल्या बँडवाल्यांनी ते क्लॅरिनेटवर उचललं, बँजो पार्टीने बँजोच्या तारांवर, आणि कीबोर्ड आल्यावर मी स्वतः ते कीबोर्डवर वाजवलं आहे. रस्त्यावर लोटांगण घालणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांना ही नक्कल कितव्या हातची आहे याच्याशी घेणं नसतं. नसावंही.

ऐंशीच्या दशकात कीबोर्ड आला आणि आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणायची पद्धत पडली. डावीकडे एक चाक होतं. ते फिरवलं की सूर सरकायचा. पेटीवर न निघालेली मींड अशी अंगठ्याशी आली. पहिल्या पावसात भिजणाऱ्या पोरांसारखे आम्ही ते चाक फिरवत बसायचो, गरज असो नसो. पण गाण्यात खरा बदल केला तो शेजारच्या एका मुकाट बटणाने: ट्रान्सपोज. पूर्वी शिवाजी मंदिरात गायिका आयत्या वेळी म्हणाली, "दादा, आज घसा बसलाय, अर्धी पट्टी खाली घ्या," की काळ्या-पांढऱ्यांचा सगळा नकाशा डोक्यात फिरवावा लागायचा. आता बटण दाबलं की झालं. नवीन मुलं सगळं पांढरी एकमध्येच वाजवतात. सोय आहे, मीही वापरतो. पण पट्टीगणिक बोटांना जो वेगळा उंचसखलपणा लागायचा, आणि त्यातून एकेका गाण्याला हाताचं जे वळण यायचं, ते गेलं.

आणि आता गळा. 1997 मध्ये अँडी हिल्डेब्रँड या गृहस्थाने ऑटोट्यून बाजारात आणलं. हा माणूस आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींचं गणित करायचा. पुढच्याच वर्षी शेर या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात ते उघडपणे वापरलं गेलं. आज माझ्या संगणकावर गायकाचा सूर पडद्यावर रेघांच्या जाळीत दिसतो. गळ्यातून रिषभावरून गंधारावर घसरत आलेली ओळ म्हणजे एक वळवळती पट्टी. बटण दाबलं की ती जवळच्या घरात जाऊन बसते. घरं बारा. सारखी बारा. 1940 मध्ये ज्या कारणासाठी पेटीला बाहेर काढलं, तेच कारण आता गळ्यात बसवून मिळतं, आणि त्याला लोक 'सूर लावून देणं' म्हणतात.

मी ते काम करतो. तत्त्व म्हणून नकार दिला तर ते काम पलीकडच्या गल्लीत जाईल, आणि तिथे बटण डोळे मिटून दाबलं जाईल. माझी रीत अशी, की आधी तानपुरा लावतो, मग एकेक जागा ऐकतो. जिथे गायक खरोखर घसरला आहे तिथेच हात घालतो. पडद्यावर गंधार रेघेच्या खाली दिसला तरी तानपुऱ्याला मिळत असेल तर सोडून देतो. हे समजावायला वेळ लागतो. गाणं करून घेणारा तरुण खुर्चीच्या मागे उभा राहून पडद्याकडे बोट दाखवतो, "सर, हा खाली आहे." मी म्हणतो, बघू नका, ऐका. तो ऐकतो, आणि त्याला तो खालीच लागतो. खोटं बोलत नसतो तो. लहानपणापासून जे ऐकलं त्याच्याशी ताडून बघतो आहे.

अलीकडे तर असे गळे येतात ज्यांना दुरुस्ती लागतच नाही. विशी-बाविशीची मुलं-मुली, रियाज मोबाइलवरच्या ट्रॅकबरोबर केलेला. रेघेवर रेघ बसते, गंधारासकट. त्यांना बेसूर म्हणायची माझी हिंमत नाही. ज्या सुराबरोबर ती वाढली त्या सुरात ती चोख आहेत.

मिक्स झालं की मी दोन फाइली पाठवतो. एक हलक्या हाताची, दुसरी सगळं रेघेवर आणलेली, आणि कुठली कोणती ते लिहीत नाही. गाण्याचा व्हिडिओ काढणारी मंडळी बहुतेक दुसरी उचलतात. भजनी मंडळं आणि एखादा शाहीर पहिली मागतात, मग वर सांगतात, "सर, व्हॉट्सअॅपवरच टाका, आम्ही तिथूनच स्पीकरला लावतो."