गोल बोअर

फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-एट इंजिनातल्या सिलिंडरचा बोअर गोल करणं अवघड नाही. तो गोल राहत नाही, ही खरी भानगड. ब्लॉक टेबलावर उघडा असतो तेव्हा गेजची सुई वरपासून खालपर्यंत जागची हलत नाही. मग हेड बसतं, एकेका अंगाचे वीसहून जास्त स्टड आवळले जातात आणि प्रत्येक स्टड शेजारचं बीड आपल्याकडे ओढतो. खालून हात घालून मोजलं तर तोच बोअर कुठे थाउभर, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आत, कुठे अर्धा थाउ बाहेर. इंजिन तापलं की आणखी तिसरंच. या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, आणि एक्झॉस्ट बाहेर पडण्याआधी ब्लॉकच्या पोटातून, सिलिंडरांच्या मधून फिरतो. त्यातही प्रत्येक अंगाच्या मधल्या दोघांना एकच वाट. म्हणजे मधले बोअर एका बाजूने भाजून निघतात. इंजिन पुन्हा खोललं की तिथेच होनच्या दगडांनी पाडलेल्या रेघांचं क्रॉस-हॅच पुसून चकचकीत डाग पडलेला दिसतो. त्या डागापायी माझं अर्धं आयुष्य गेलं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. उसाच्या पंपांची ऑइल इंजिनं हाताखालून गेलेली, पण त्यांत लायनर. बिघडला की काढा, नवा ठोका. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला एका मशीन शॉपमध्ये लागलो तेव्हा लायनर नसलेल्या, चाळीस वर्षं गंजलेल्या ब्लॉकवर लोक जीव टाकतात हे बघून हसूच आलं. १९३२ साली हे इंजिन निघालं ते २२१ घनइंचांचं, ६५ हॉर्सपॉवरचं. गरिबाच्या गाडीत आठ सिलिंडर पहिल्यांदा त्यानेच आणले. पोरांनी मडगार्डं काढली, गाड्या मुरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर नेल्या आणि घड्याळ लावून पळवल्या; त्याच हॉट रॉड. ती पोरं माझ्या वेळेला म्हातारी झाली होती. शनिवारी शॉपमध्ये येऊन उलट्या ठेवलेल्या डब्यांवर बसायची, कॉफी प्यायची, आणि कुणाचं कॅम कुणी ग्राइंड केलं होतं यावरून भांडायची. मालक बोअरिंग बार चालू ठेवूनच त्या भांडणात भाग घ्यायचा. गरम कटिंग ऑइल, बिडाचा काळा भुगा आणि जळकी कॉफी यांचा मिळून जो वास होता, तो मला कुठल्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे.

गिऱ्हाईक यायचं ते एकच हट्ट धरून: तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच. नंतरच्या मोठ्या इंजिनांचा कारखान्याचा बोअर तीन पूर्णांक तीन सोळांश. म्हणजे व्यासात दीड सूत काढायचं, भिंतीत पाऊण सूत. कागदावर बीड पुरतं. पण ओतताना आतला वाळूचा कोअर सरकलेला असला तर एक भिंत जाड आणि समोरची कागदासारखी. इथे मात्र कोल्हापूरची फाउंड्री कामाला आली. कोअर कसा तरंगतो, कुठल्या बाजूला कलतो, हे मी लहानपणी बघितलेलं. सिलिंडरभोवतीच्या वॉटर जॅकेटमधून जुनी ओतकामाची वाळू खरडून काढताना, दिवा आत सोडून, कोअर कुठे गेला असेल याचा अंदाज मला यायचा. पण तेवढं सांगून गप्प बसलो असतो तर तो मी कसला! मी छोटी हातोडी घेऊन भिंतीवर टकटक करायचो, डोळे मिटायचो, आणि मग आकडा सांगायचो. डब्यांवरची मंडळी श्वास रोखून बघायची. भारतातल्या माणसाला बीड ऐकू येतं अशी वदंता मी कधी खोडली नाही. पुढे अल्ट्रासॉनिक टेस्टर आला तेव्हा सगळ्यात जास्त नाकं मीच मुरडली.

शेजारच्या गल्लीत एक शॉप होतं, तिथे बोअर आरशासारखे करून द्यायचे. गिऱ्हाइकाला त्यात आपलं तोंड दिसायचं, म्हणून ते खूश. आरशावर तेल थांबत नाही आणि रिंगा बसत नाहीत, हे त्याला धूर निघाल्यावर कळायचं. आता तर लोकांना बोअर करून घ्यायची तसदीही नको. पेटीतून आलेलं तयार शेव्ही इंजिन, क्रोमची झाकणं, आणि म्हणे हॉट रॉड. १९५५ साली छोटा व्ही-एट शेव्ही निघाला, त्याने फ्लॅटहेडला शर्यतीतून घालवलं, ते रास्तच होतं. चांगलं इंजिन आहे. पण त्याच्याशी झगडावं लागत नाही, आणि ज्याच्याशी झगडा नाही त्याच्यावर माझा जीव जडत नाही.

होन करताना हेडऐवजी आवळतात त्या टॉर्क प्लेटवर मालकाचा विश्वास नव्हता. हेड लवतं तशी जाड प्लेट लवत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नाही. मी त्याच्या मागे प्लेट बसवून होन करायचो. गॅस्केट तेच, स्टड तेच, आवळण्याचा क्रमही तोच. डाग आकसला, पण गेला नाही. मालक वारल्यावर शॉप त्याच्या नातीने घेतलं. ती ब्लॉकमधून उकळतं पाणी फिरवत होन करते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला राग आला, कारण ही गोष्ट मला सुचायला हवी होती. तिचा डाग नखाएवढा पडतो. एक्झॉस्टची आग पाण्यात कशी आणणार, हा माझा मुद्दा तिला मान्य आहे. त्यावर आम्ही जेवणाच्या सुट्टीत खडूने जमिनीवर आकृत्या काढतो.

मध्यंतरी साखरेने माझ्या बोटांची टोकं बधिर केली. क्रॉस-हॅचवरून बोट फिरवलं तर काच आणि बीड यांत फरक कळत नाही. नातीला हे माहीत आहे, गिऱ्हाइकांना नाही. ती होन संपवून माझ्याकडे बघते, मी उठतो, सगळ्यांसमोर बोट आत घालतो आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवतो. तोवर तिने गेज मला दिसेल असं टेबलावर ठेवलेलं असतं. मग मी मान डोलावतो आणि सांगतो, दोन नंबरला वर अर्धा थाउ राहिलाय, बाकी बरं आहे.