सायकलचे गोट्यांचे टायर काढले, सपाट बसवले

भातकापणी उरकली आणि मी गिअरच्या सायकलचे गोट्यांचे टायर काढून सपाट टायर बसवले. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन शेंडीहून रंध्यावरून राजूरला जायचं, सगळा डांबरी रस्ता. "गुळगुळीत टायर, उतारावर किटलीसकट पडशील," असं बऱ्याच जणांनी सुनावलं. म्हणून हे लिहितोय.

चिखलणीला आपण ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील लावतो. त्याची पाती चिखलात रुततात, म्हणून ओढ मिळते. डांबरावर मात्र ते नेत नाही. गोट्यांचंही तसंच. मऊ मातीत त्या रुततात, डांबरात रुतणार कुठे? उलट चाक फिरताना प्रत्येक गोटी वाकते आणि पायाचा जोर तिथेच जिरतो. तो घूंऽऽ आवाज त्याचाच. डांबरावर धरतं ते रबर. जेवढं नीट टेकेल तेवढी पकड.

मग पावसात? मोटार वेगात असली की टायरखाली पाणी अडकून ती तरंगते, म्हणून तिला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद, गोल आणि हवेने कडक. तो पाणी बाजूला सारतो. आपल्या वेगाला तरंगत नाही. ओल्या रस्त्यावर ब्रेक मात्र लवकर दाबायचा, टायर कुठलाही असो. खरी भीती आहे ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या गाऱ्याची, शेवाळाची आणि रंगाच्या पट्ट्यांची. तिथे वळायचं नाही, सरळ आणि हळू काढायची.

घेताना माप बघा. २६ × १.५० आणि २६ × १ १/२ वाचायला सारखंच वाटतं, पण रिम वेगळी. पहिल्यावर ५५९ छापलेलं असतं, दुसऱ्यावर ५८४. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ट्यूबही त्याच मापाची घ्या, मोठी घातली तर घडी पडते. हवा जुन्या रुंद टायरात ३५-४० पौंड ठेवायचो, आता ६० च्या आसपास. पण टायरच्या कडेवर लिहिलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही.

येताना चढाला आता एक गिअर हलका वाटतो. गुडघ्यांना तेवढंच बरं.

जुने टायर टाकलेले नाहीत, पडवीत टांगलेत. आवणीच्या दिवसांत खाचराकडे पाणंदीने जावं लागतं, तेव्हा तेच लागणार. ज्यांचा निम्म्याहून जास्त रस्ता कच्चा आहे, त्यांनी गोट्यांचेच ठेवावेत.